एका घरात दोन एलिएझर

माझ्या वडिलांचं नाव एलिएझर, आणि मी ज्याच्याशी लग्न ठरवलं त्याचंही तेच. आईनं हे ऐकलं आणि इस्त्री बंद करून खालीच बसली. सासरा आणि जावई एकाच नावाचे असले की दोघांतला एक जातो, असं तिच्या माहेरी मानत.

हुज्जत घालण्यात मी कुणाला हार जात नाही. म्हटलं, नाव एक कुठंय? बाबांचं शेवटच्या अक्षरावर जोर देऊन ऐटीत म्हणायचं, आणि त्याच्या घरी तर सुरुवात गिळून नुसतं 'लेझर' म्हणतात. बाबांचं चष्म्याचं दुकान. ते म्हणाले, बरंय, दुकानाला एक यंत्र मिळेल. आईला हसू आलं नाही.

"उच्चार आपल्या तोंडाचे," ती म्हणाली. "मूळ हिब्रू नाव एकच. एली म्हणजे माझा देव, एझेर म्हणजे मदत. न्यायला येणारा मृत्यूचा दूत मूळ नाव विचारतो."

बाबांच्या हृदयविकारानं तेव्हा डोकं वर काढलं होतं, डॉक्टरांनीही हात टेकले होते. तोडगा बाबांनीच काढला. आजारी माणसाला नवं नाव देण्याची रीत आम्हा ज्यू लोकांत आहेच; त्यांनी 'हाईम' घेतलं. अर्थ, जीवन. त्यातला ह घसा खरवडून काढायचा, मला तो कधीच जमला नाही. जुन्या नावानं त्यांना कुणी हाक मारायची नाही, अशी आईची सक्त ताकीद होती.

लग्न झालं. बाबा सुधारत गेले, जिना चढू लागले, दुकानात गिऱ्हाइकांची थट्टा करू लागले. आई खूश होती. मला मात्र त्यांचा टवटवीत होत चाललेला चेहरा बघवत नसे, कारण इकडे माझा नवरा दमू लागला होता. कधी साधी सर्दी न झालेला माणूस बाबांच्या दुकानात भिंगांचा खोका उचलताना भिंतीला टेकला. तपासणीत दुखणं हृदयाचंच निघालं. त्या नावाचा घरात आता तो एकटाच उरला होता. मी घाबरले, आणि बाबांचा रागही आला.

त्याला दाखल केलं त्या दुपारी बाबा हॉस्पिटलात आले. आईनं त्यांना नव्या नावानं हाक मारली, त्यांनी वळूनही पाहिलं नाही. नवऱ्याच्या खाटेजवळ खुर्ची ओढून मला म्हणाले, "माझ्या जुन्या नावानं हाक मार मला. मोठ्यानं."

आईनं माझा हात घट्ट धरला. मी तो सोडवून घेतला आणि हाक मारली.

नवऱ्याच्या पापण्या हलल्या. त्यानं डोळे उघडण्याआधीच बाबांनी ओ दिली.