मास्तरांची माशी

मास्तरांनी काठी मागे झोकली, दोरी हवेत झकास वळली आणि गळाला बांधलेली पिसांची माशी थेट मास्तरांच्याच पँटच्या बैठकीत रुतली.

"लागला का?" तळ्याच्या काठावरून नळवाल्याने विचारलं. "चांगला भरलेला दिसतोय."

मास्तरांनी ओढून पाहिलं. कापड हटेना. पँट त्यांनी आपल्या शिंपीदुकानात स्वतः शिवली होती. आपल्या दुहेरी टाक्याचा त्यांना जन्मात पहिल्यांदा राग आला.

"हलू नका," म्हणत नर्सबाई घडीच्या खुर्चीतून उठल्या. "लाजता काय? अख्ख्या गावाला इथेच तर सुया टोचल्यात मी."

त्यांनी गळ अलगद सोडवला. "पिसं विस्कटलीत. नीट करून देते," म्हणाल्या आणि माशी घेऊन, पाठ करून आपल्या खुर्चीत बसल्या.

मांगूर मासा तळाच्या चिखलात राहतो, मिशांनी वास घेत फिरतो. वर काय उडतंय याच्याशी त्याला काडीचं घेणं नसतं. बाई गळाला कलेजीचा तुकडा लावायच्या आणि दर रविवारी मासा घरी न्यायच्या. पण मास्तरांनी कुठल्याशा मासिकात पिसांच्या माशीने मासे धरणाऱ्या साहेबाचं चित्र पाहिलं आणि ते हट्टाला पेटले. कलेजी लावणं म्हणजे त्यांच्या मते तयार कपडे विकत घेण्यासारखं. अस्तराचे रेशमी धागे, कोंबडीची पिसं आणि माशी बुडावी म्हणून पोटाशी कोटाचं बटण! वर्षभरात एका मांगराने तिच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं.

यात एक पंचाईत होती. माशीला मांगूर लागेल त्या दिवशी बाईंना लग्नाचं विचारायचं, असं मास्तरांनी ठरवलं होतं. हे त्यांनी फक्त नळवाल्याला सांगितलं होतं. नळवाल्याने गावातली सगळी गळती थांबवली, स्वतःच्या तोंडाची तेवढी राहिली होती.

आणि शुक्रवारी बाईंचा मुलगा त्यांना कायमचं त्याच्या शहरात न्यायला येणार होता.

"मास्तर, तोंडाने विचारा की," नळवाला कुजबुजला. "मासा कशाला मध्ये घालता?"

"हळू बोला हो!"

बाईंनी माशी आणून दिली. मास्तरांनी या वेळी जपून फेकली. बटण बुडालं. आणि काठी अशी वाकली की मास्तर धोंड्यासारखे घसरत कंबरभर पाण्यात गेले. नळवाल्याने मागून पट्टा धरला, पट्टा तुटला. तो नळवाल्याच्याच दुकानातून आणलेला होता, पण ते बोलायची ही वेळ नव्हती. एका हाताने पँट आणि दुसऱ्याने काठी सांभाळत मास्तर अखेर वर आले. मागे लांब मिशांचा मांगूर ओढला जात होता.

"लागला! माशीला लागला!" नळवाला गवतावर नाचू लागला.

दोरी तोडायला मास्तरांनी खिसे चाचपले. कात्री कुठे सापडेना. मग जन्मभराच्या सवयीने त्यांनी दोरी माशीपाशीच दातांत धरली आणि तोडली.

ते तसेच थबकले. जिभेवर कलेजीची चव होती.

त्यांनी वळून पाहिलं. बाई काठाशी उकिडव्या बसून बोटं धूत होत्या. बराच वेळ धूत होत्या.

"काय झालं?" नळवाला म्हणाला.

मास्तरांनी ओठ पुसले. "काही नाही."

"जमली म्हणायची माशी," बाई पाण्याकडे बघतच म्हणाल्या.

"जमली."

"मग?"

नळवाला, कुणी न सांगता, तळ्याच्या पलीकडच्या बाजूला निघून गेला.

वर्षभर घोकलेलं लांबलचक वाक्य मास्तरांना आठवेना. पँट धरून, निथळत ते म्हणाले, "बाई, तुम्ही जाऊ नका."

बाई काठावरून उठल्या. मग पदराने डोळे टिपले, नाकही पुसलं.

"मुलाला कळवायला हवं," त्या म्हणाल्या.

"मी बोलू त्याच्याशी?"

"तुम्ही? तुम्ही आधी दुसरा मासा लागायची वाट बघाल," म्हणत बाईंनी ओल्या हातांनीच पिशवीतून फोन काढला.