तारांची उंची

आमच्या दादांना कुठलीही वस्तू ठोकून बघितल्याशिवाय घेता येत नसे. माठ, कलिंगड, पाट, लाकडी कपाट, जे काही घ्यायचं त्यावर आधी बोटाच्या पेरानं दोन ठोके, मग कान लावून ऐकणं, मग भाव. 'जावई तेवढा ठोकून बघितला नाही,' असं आई म्हणायची, आणि माझ्या थोरल्या बहिणीचं नाव न घेता एक लांब उसासा सोडायची.

दादा म्हणजे माझे वडील, बद्रीनाथ. कन्नड तालुक्यातल्या एका खेड्यातून शहरात आले आणि चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून चिकटले. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना गॅदरिंगमध्ये एका मुलीनं गिटार वाजवली. ती काय गायली ते आता आठवत नाही, पण तिच्या बोटांखालून जे निघत होतं ते आठवतं. घरी येऊन मी गिटारचा हट्ट धरला. आई म्हणाली, "पेटी घे की गं, भजनाला तरी कामाला येईल. गिटार वाजवून कुठं जायचंय?" मला वाटलं, विषय संपला. पण दादा जेवता जेवता म्हणाले, "घेऊ. बोनस व्हऊ दे."

आईनं माझ्याकडं बघितलं आणि मी आईकडं. दादा एवढ्या पटकन 'घेऊ' कशालाच म्हणत नसत.

ते का म्हणाले, हे आईनं मला नंतर स्वयंपाकघरात सांगितलं, तेही आवाज खाली करून. त्यासाठी आमच्या घरातल्या एका शब्दाबद्दल सांगावं लागेल. अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं, सैन्य आलं. कागदोपत्री ती पोलीस कारवाई. आमच्या भागात तिला नुसतं 'ॲक्शन' म्हणतात. जुनी माणसं काळ मोजायची तीही त्यावरच. ही विहीर ॲक्शनच्या आधीची, हा बाबा ॲक्शनच्या साली जन्मला. बहुतेक घरांत हा शब्द अभिमानानं निघायचा. आमच्या घरात तो निघतच नसे. चुकून कुणा पाहुण्यानं काढला, तर दादा ताटावरून उठून हात धुवायचे आणि बाहेर जाऊन उभे राहायचे.

गावात त्यांच्या शेजारी एका शिंप्याचं घर होतं. शिंप्याचा पोरगा गयास, दादांच्याच वयाचा. त्यांच्याकडं एक बुलबुलतरंग होतं, बटणं दाबून वाजवायचं तारांचं वाद्य, आणि दोघं पोरं त्यावर दिवसभर टिणटिण करत बसायची. दादांना दोन ओळी येत होत्या म्हणे. ॲक्शनच्या दिवसांत, रझाकारांचा सूड मुसलमान शेजाऱ्यांवर निघत असताना, एका संध्याकाळी गावात आरडाओरडा सुरू झाला आणि गयासनं आमचं दार वाजवलं. "बद्री, बद्री," म्हणून हाका मारल्या. आजोबांनी दादांच्या तोंडावर हात दाबून धरला. हाका थांबल्या. सकाळी शिंप्याचं घर उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं. मेले, की हैदराबादकडं गेले, की आणखी कुठं, ते कधीच कळलं नाही. "आता तू इचारू नको त्याह्यला," आई म्हणाली. मी विचारलं नाही. घरात शहाणपण म्हणून जे शिकवलं जातं, त्यातलं हे पहिलं.

दादांना शुक्रवारी सुट्टी असायची. अशाच एका शुक्रवारी दुपारी आम्ही दोघं औरंगपुऱ्यात गेलो. दुकान पेटी-तबल्याचं, गिटारी मागच्या भिंतीला टांगलेल्या. गल्ल्यामागं गादीची मोठी खुर्ची होती, ती रिकामी. दुकानात मालकाचा मुलगा जहांगीर एकटाच होता, तिशीच्या आतबाहेरचा, हसरा. आमच्या बोनसात बसतील अशा दोनच गिटारी निघाल्या. एक लालभडक, आरशासारखी चकचकीत. दुसरी साधी तपकिरी, कडेला थोडा पोचा आलेली.

दादांनी अर्थातच ठोकायला सुरुवात केली. लाल ठोकली, ऐकली. तपकिरी ठोकली, ऐकली, परत ठोकली. त्यांचा चेहरा उजळला. "ही बोलती बघ," मला म्हणाले. "हिच्या पोटात आवाज हाय."

मी दोन्हींच्या तारा दाबून बघितल्या. तपकिरीच्या तारा बोट टेकताच खाली जात होत्या. लालच्या तारा दाबताना डोळ्यात पाणी आलं. पण मला वाटलं, मी नवखी, मला काय कळतंय.

जहांगीर खूश झाला. "काका, कान लई तयार हाय तुमचा! हीच घ्या. पोचा आलाय म्हणून सस्ती हाय, नाय तर हातात आली नसती. हिची ॲक्शन एकदम मस्त हाय."

दादांचं बोट लाकडावरच थांबलं.

"काय म्हणला?"

"ॲक्शन, काका," जहांगीर मला तार दाबून दाखवत होता, त्याचं दादांकडं लक्षच नव्हतं. "शिकणाऱ्याला समदं ॲक्शनवरच असतं. ॲक्शन चांगली झाली की मग बघायचं काम नाय. त्या लालची ॲक्शन बेकार हाय, खोटं कशाला बोलू."

शब्द गिटारचा आहे एवढं मला समजत होतं, पण म्हणजे नेमकं काय ते माहीत नव्हतं. आणि दादांना समजवायचं तर तोच शब्द तोंडानं उच्चारायला हवा होता. मी दादांच्या शर्टाची बाही धरून उभी राहिले.

"लाल द्या," दादा म्हणाले.

"काका, पण हिची..."

"लाल द्या म्हणलं ना."

कोथिंबिरीच्या जुडीला घासाघीस करणारा माणूस. त्या दिवशी त्यांनी एक रुपया कमी करा म्हटलं नाही. पैसे मोजून दिले, लाल गिटार काखोटीला मारली आणि रिक्षात बसल्यावर मला म्हणाले, "रंग बी चांगलाय. नाय का?" मी "व्हय" म्हणाले.

पुढचे काही महिने मी त्या गिटारशी कुस्ती खेळले. बोटांची टोकं आधी लाल झाली, मग त्यांना फोड आले, मग फोड फुटले. दादा रात्री खोबरेल तेलाची वाटी घेऊन यायचे. "कडक व्हतील बोटं. सुतार-लोहाराची व्हत्यात, तसं." कारखान्यात त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं की आमची आशा गिटार शिकती. रोज संध्याकाळी चहा घेताना विचारायचे, "बसलं का एखादं गाणं? दोन ओळी वाजव फक्त. दोन बास." आणि मी म्हणायचे, "अजून नाही, दादा."

छावणीत एक सर शिकवायचे, त्यांच्याकडं आठवड्यातून एकदा जायचे. त्यांनी गिटार हातात घेतली, दोन स्वर दाबले आणि परत दिली. "वाद्यच बरं नाही. दुसरं घ्यायला सांग घरी." दुसरं! त्यांना काय जातंय सांगायला. मी आईला म्हटलं, गिटारमध्येच खोट आहे. आई पोळ्या लाटत होती. "नाचता येईना अंगण वाकडं," ती म्हणाली, आणि मग थोडं मऊ होऊन, "त्याह्यला सांगू नको हां. लई हौसेनं आणलीय." ही म्हण मी जन्मभर ऐकली आणि लोकांना ऐकवलीही. तिचा मला राग आला तो तेवढ्यापुरताच. त्या खेपेला अंगण खरंच वाकडं होतं.

एकदा मी सांगायचा प्रयत्न केला. दादा ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. कारखान्यातले दोघं जण त्या शुक्रवारी चहाला येणार होते, गाणं ऐकायला. मी गिटार घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "दादा, तो दुकानदार म्हणत होता ना, की हिची..."

तिथंच थांबले. पुढचा शब्द ओठावर होता.

"हिची काय?" दादांनी विचारलं. मग माझ्याकडं बघतच राहिले. त्यांना कळलं होतं मला काय म्हणायचंय, हे मला आजही वाटतं. "बोल की," ते हळूच म्हणाले. त्यांना खरंच ऐकायचं होतं की मी बोलू नये म्हणून ते विनवत होते, ते मला तेव्हा कळलं नाही.

"काही नाही," मी म्हटलं. "मला जमत नाहीये, दादा. माझ्याच हातात नाहीये ते."

त्यांनी मान हलवली. "नसंल तर नसंल. त्याला काय." मग म्हणाले, "मला बी दोनच वळी येत व्हत्या." कशावर, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. शुक्रवारी पाहुणे आले, चहा-पोहे घेऊन गेले. पोरीला परीक्षा आहे, असं दादांनी त्यांना सांगितलं.

गिटार भिंतीवर खिळ्याला गेली. दादांनी तिच्या तारा ढिल्या करून ठेवल्या, घरातल्या रिकाम्या बाजेचं सुंभ सैल करत तशा. दर दिवाळीला ते ती खाली काढून पुसायचे, पोटावर दोन ठोके द्यायचे. "आवाज बेस हाय हिचा," म्हणायचे, कुणाला उद्देशून नाही. मी लग्न होऊन सिडकोत गेले, नोकरी केली, मुलं झाली. माहेरी गेले की तो लाल रंग दारातूनच दिसायचा आणि मी नजर दुसरीकडं वळवायचे. माझ्या हातात कला नव्हती, हे मी एवढ्या वेळा सांगितलं होतं की माझाही त्यावर विश्वास बसला होता. दादा गेले तेव्हाही ती तिथंच होती.

ते गेल्यानंतर घराला रंग द्यायचा म्हणून आईनं भिंती मोकळ्या केल्या. "ही घेऊन जा बाई तुझी," ती म्हणाली. कुणाला तरी देऊन टाकावी, देण्याआधी निदान तारा नव्या घालाव्यात, म्हणून मी औरंगपुऱ्यात गेले. दुकान तेच, काचा नव्या. जहांगीर आता गल्ल्यामागच्या त्या गादीच्या खुर्चीवर बसला होता, दाढी पांढरी, डोळ्यांना जाड चष्मा. त्याला मी अर्थातच आठवत नव्हते.

त्यानं नव्या तारा चढवल्या, गिटार बंदुकीसारखी डोळ्याला लावली आणि एक डोळा मिटून दांडीवरून बघितलं. "जुना माल हाय. लाकूड अजून सरळ हाय हिचं. फक्त तारांची उंची लई हाय, ताई. बसा, चहा मागवतो."

त्यानं तारा सैल केल्या आणि त्या जिच्यावर टेकतात त्या घोडीतून एक बोटाएवढी पांढरी हाडाची पट्टी उपसून काढली. काचेवर पॉलिश पेपर ठेवून ती खालच्या बाजूनं घासू लागला. घासली, बघितली, परत घासली. चहा आला तोवर पट्टी परत बसली होती, तारा ओढल्या गेल्या होत्या, आणि त्यानं गिटार माझ्या मांडीवर ठेवली. "आता दाबून बघा."

मी दाबल्या. तारा बोटांखाली अलगद गेल्या. छावणीच्या सरांनी शिकवलेला पहिला कॉर्ड बोटांनी आपोआप धरला, आणि तो सगळाच्या सगळा, एकही तार न खरखरता वाजला. इतक्या वर्षांनी, या सुजऱ्या बोटांनी, पहिल्याच फटक्यात वाजला. मला रडू आलं, आणि रडण्याचा रागही आला.

"म्हणजे ॲक्शन," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द मी मोठ्यानं उच्चारला. "ॲक्शन म्हणजे तारांची उंची?"

"तेच ते," जहांगीर म्हणाला. "ॲक्शनच म्हणतात समदे. मला आपली सवय पडलीय. अब्बा ह्या खुर्चीवर बसायचे ना, त्यांच्यासमोर तो शब्द काढायचा नाय, असं होतं आमच्यात. ॲक्शनमध्ये त्यांचे दोन भाऊ गेले. शब्द आयकला की उठून भाईर जायचे, गिऱ्हाईक असू दे नाय तर कुणी असू दे. म्हणून ते असले की आम्ही म्हणायचो, तारांची उंची. नसले की ॲक्शन. शुक्रवारी दुपारी नमाजला गेले की आमची जबान मोकळी." तो हसला. मग माझ्याकडं बघून हसायचा थांबला.

"माझे वडीलही उठून जायचे," मी म्हटलं.

"तुमच्याकडं?" त्यानं माझ्या कपाळावरच्या टिकलीकडं बघितलं आणि लगेच नजर खाली घेतली. "आम्हाला वाटायचं, फक्त आमच्याच घरात हाय हे."

मला त्याला गयासबद्दल सांगायचं होतं. बंद दाराबद्दल, आजोबांच्या हाताबद्दल. पण ते दार आमचं होतं, आणि समोर ज्याचे दोन काका गेले तो माणूस बसला होता. मी चहा संपवला. आम्ही अमुक साली एका शुक्रवारी आलो होतो, हेही सांगितलं नाही. शनिवारी आलो असतो तर गादीच्या खुर्चीवर त्याचे अब्बा असते, आणि तो माझ्या दादांना म्हणाला असता, काका, हिच्या तारांची उंची बराबर हाय. दादांनी तपकिरी गिटार परत एकदा ठोकली असती, आठ आणे कमी करा म्हणाले असते आणि घेऊन टाकली असती.

आणि नसती घेतली तरी काय. लालच्या तारा उंच आहेत, दादा, एवढंच म्हणायचं होतं. 'मग घास की,' म्हणाले असते ते. ते स्टोअरकीपर होते, त्यांच्या खणात दहा तऱ्हेचे पॉलिश पेपर असायचे.

मी पर्स उघडली. "घासायचे किती झाले?"

"तारांचे तेवढे द्या," जहांगीर म्हणाला. "घासायचे काय घ्यायचे, ताई? धा मिनटांचं तर काम."