चष्म्याआडचा चेहरा

ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यानंतर नंबर काढायला मी तिच्याबरोबर चष्म्याच्या दुकानात गेलो होतो. दुकानदाराने तिच्या नाकावर गोल खाचांची जड लोखंडी फ्रेम चढवली आणि एकेक काच बसवत विचारू लागला, "आता बरं दिसतं, की मघाशी?"

मला राहवलं नाही. म्हणालो, "बाबांनी मला टेबलावर बसवून अशीच घातली होती. सारखी घसरत होती."

आमच्या बाबांचंही चष्म्याचं दुकान होतं. मी तीन वर्षांचा व्हायच्या आतच ते गेले. त्यांची माझ्याकडे एवढी एकच आठवण आहे. ती मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगून झिजेल असं वाटतं.

"तुला नाही, मला," ताई भिंतीवरची अक्षरं वाचता वाचता म्हणाली. "तुला बसवलं असतं तर पहिली काच तू तोंडात घातली असतीस."

"मला स्पष्ट आठवतंय."

"आठवेल नाही तर काय. लहानपणी माझ्याकडून सतरांदा ऐकलंयस." मग दुकानदाराला म्हणाली, "अहो, ही काच नको, तुमचं तोंड वाकडं दिसतंय."

दुकानदार हसला. मी बाकावर जाऊन बसलो.

कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवलं, त्यातही स्मरणाचा भाग. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे. दर वेळी आपण ती नव्याने जुळवतो आणि जुळवताना नुसतं ऐकलेलंही त्यात बेमालूम बसून जातं, असं सांगायचो. मुलं निमूटपणे लिहून घ्यायची. माझी स्वतःची आठवण तपासून पाहायचं धाडस मात्र मला कधी झालं नाही.

डोळे मिटले. बाबांची वाकलेली पाठ. टेबलावरून लोंबणारे दोन पाय. फ्रेमखाली दबलेला इवलासा चेहरा. चेहरा! फ्रेम माझ्या नाकावर असती, तर मला बाबा दिसायला हवे होते, अगदी जवळ, पुसट. स्वतःला बाहेरून पाहणाऱ्या आठवणीही असतात, हे मला ठाऊक आहे. पण त्या आधाराला धरून राहण्याइतकी खात्री मला कशाचीच कधी नसते.

बाहेर पडताना म्हणालो, "तुझंच खरं असेल. मला ते सगळं दारातून दिसतं." म्हणजे हीही आठवण ऐकीवच ठरत होती आणि माझ्याकडे बाबांचं काहीच उरत नव्हतं.

ताई पायरीवर थांबली. "दारातून? अरे, आई तुला कडेवर घेऊन दारातच उभी होती. तुलाही ती फ्रेम हवी होती म्हणून भोकाड पसरलं होतंस."

"हे कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस? तू मेल्या सगळं पुस्तकात शोधणार."

"नक्की आठवतंय, की मला बरं वाटावं म्हणून?"

"घे, आता माझी परीक्षा घे. आधी हात दे, पायऱ्या दिसत नाहीत मला."

मी हात दिला. उतरता उतरता ते दृश्य पुन्हा आणून पाहिलं. माझ्या ओल्या गालाखाली आता आईचा खांदा होता. तो आत्ताच, ताईच्या बोलण्यातून तिथे आला होता, हे कळत होतं. बाबांची पाठ मात्र होती तशीच होती.

"तू इतका रडलास," ताई सांगत होती, "की शेवटी बाबा वळले आणि…"

"पुढचं नको सांगूस," मी म्हणालो. "पाठच राहू दे. तेवढी बहुधा माझी आहे."