तीनदा उसवलेली फळी

आज मी पाण्यावर तरंगत बोलतेय, पण माझी गोष्ट चिखलातली आहे. मी एक लाकडी यॉट. यॉट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पांढरे बूट घातलेले श्रीमंत येतात. माझ्या घरी पांढरे बूट कुणाचेच नव्हते. मला एका सुतारानं घराच्या मागल्या अंगणात नऊ वर्षं खपून बांधलं. दिवसभर शाळांची बाकं करायची आणि उरल्या वेळात मला. त्याची बायको शिवणकाम करायची. माझी शिडं तिनंच पायमशीनवर शिवली. कापड एवढं मोठं की मशीन खोलीत आणि शीड दारातून बाहेर पायऱ्यांवर!

मला पाण्यात उतरवून सुतार दोन उन्हाळे जगला. मग मालकीण तीच झाली. सगळे तिला बाई म्हणतात. सुताराच्या हातचं तिच्याकडे उरलं ते एवढंच, मी. त्याच्या बाकांवर कुठल्या कुठल्या शाळांत पोरं नावं कोरत बसलीत.

त्या सकाळी बाई आणि त्यांची नणंद मला घेऊन निघाल्या. ओहोटी लागली आणि खाडीच्या तोंडाशी मी चिखलात रुतले. यात घाबरण्यासारखं काहीच नसतं. चिखल मऊ असतो, भरती आली की बोट आपसूक उचलली जाते. बाईंनी तर जेवणाचा डबाही उघडला होता.

तेवढ्यात साखऱ्या आला. बोलण्यात साखर, म्हणून हे नाव. बोटी दुरुस्त करायचं यार्ड त्याचं, अडकलेल्या बोटी ओढायची लाँचही त्याचीच.

“ताई, जेवताय काय? बोट फुटेल! हा दोर धरा.”

“भरतीला निघेल तिची ती,” बाई म्हणाल्या.

“तोवर राहिली तर ना! आणि पैशाचं मनात आणू नका हो. मी काय परका आहे?”

बाई नको नको म्हणेपर्यंत नणंदेनं दोर बांधलासुद्धा. बिचारी भित्री. तिच्यावर माझा राग नाही. माझा राग एकाच ठिकाणी आहे, आणि तो मी नीट जपून ठेवलाय.

साखऱ्यानं घाईघाईत लाँच मागे घेतली, ती थेट माझ्या अंगावर. पाण्याखाली फिरणाऱ्या तिच्या पंख्याचं पातं माझ्या पोटात घुसलं आणि टोक मोडून तिथंच राहिलं. वर बसलेल्या बाईंना नुसता धक्का जाणवला आणि पाणी आत आलेलं दिसलं. खाली काय झालं ते दोघांनाच ठाऊक, मला आणि त्याला.

मग काय, मला ओढून त्यानं आपल्याच यार्डात टेकूंवर उभं केलं. चार दिवसांनी बाईंच्या हातात कागद ठेवला. त्यात त्यानं लिहिलं होतं: बोट खडकावर फुटली होती, बुडत होती, मी वाचवली. बुडती बोट वाचवणाऱ्याचा तिच्या किमतीत वाटा असतो, हा पाण्यावरचा जुना कायदा. तेव्हा निम्मी किंमत द्या, वर यार्डाचं रोजचं भाडं. महिन्याभरात जमलं नाही तर बोट माझी.

बाई कागद हातात धरून माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. “वहिनी, जाऊ दे गं तिला,” नणंद रडत म्हणाली. “सोन्याची सुरी म्हणून काय उरात खुपसून घ्यायची?”

“सोन्याची नाही, त्यांच्या हातची आहे,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी विम्याच्या तपासनिसाला बोलावणं धाडलं.

ते कळल्यावर साखऱ्याची साखर विरघळली. पक्कड घेऊन तो माझ्या पोटातलं टोक उपसायला बसला. भिजलेलं लाकूड फुगतं, ठाऊक आहे ना? मी असं आवळून धरलं की दोन तास घाम गाळून त्याच्या तळहाताला फोड आले. शेवटी त्यानं त्यावरच भेगा बुजवायची लांबी थापली आणि रंग फासला. फळी वाळू द्यायला त्याला दम नव्हता. यार्डातला कुणीही सांगेल, खारी ओल पिऊन बसलेल्या लाकडावर लांबी धरत नाही. पण तपासनीस कागद बघून जाईल, असं त्याला वाटलं.

तपासनीस आला तो छोटी हातोडी घेऊन. माझ्या अंगावर टकटक करत फिरला. टक, टक, टक, आणि मग भद्द. “इथं काय आहे?”

“काही नाही साहेब, जरा मलमपट्टी केलीय.”

त्यानं पुन्हा हाणलं. मी इतके दिवस धरून ठेवलेला सगळा ओलावा त्या जागी सोडला. लांबीची अख्खी खपली त्याच्या बुटावर पडली, आणि पितळेचं टोक उन्हात चमकलं.

“खडकांना पंख्याची पाती कधीपासून फुटायला लागली?” तपासनीस म्हणाला. पलीकडेच साखऱ्याची लाँच टेकूंवर होती. तिच्या एका पात्याला टोक नव्हतं. लावून पाहिलं, तर तंतोतंत बसलं.

“ताई, आपसात मिटवू,” साखऱ्या हात जोडून म्हणाला. “कोर्टात गेलात तर माझं यार्ड बसेल.”

“मिटवू की,” बाई शांतपणे म्हणाल्या. “कागद फाड. आणि फळी बदल. तुझ्या माणसांनी नाही, तू.”

पंधरा वर्षांत साखऱ्यानं रंधा हातात धरला नव्हता. बाई रोज सकाळी स्टूल घेऊन यायच्या आणि त्याच्यासमोर बसायच्या. पहिली फळी बसली. बाईंनी सांध्यावरून नख फिरवलं. “उसव.”

“ताई, फळी आहे ही, झंपर नाही.”

“उसव म्हटलं ना?”

दुसरीही उसवली. यार्डातली माणसं तोंडाला फडकं लावून हसत होती. मीही हात आखडता घेतला नाही, त्याच्या बोटांत जितकी लाकडी कुसळं घालता येतील तितकी घातली. तिसरी फळीही उसवली. चौथीवर मात्र बाईंचं नख कुठंच अडकलं नाही.

“आता तरी माफ कर त्याला, वहिनी,” नणंद म्हणाली.

“काम चांगलं केलंय त्यानं,” बाई म्हणाल्या. एवढंच.

त्याच्या हातची ती फळी आता माझ्या पोटात आहे. तिच्यातून एखादा थेंब झिरपू द्यावा, असं कितीदा मनात येतं. पण पाय बाईंचे भिजतील, म्हणून गप्प बसते. तुमच्याकडे मात्र एक मागणं आहे. माझे दिवस भरले की मला मोडा, जाळा, काय वाटेल ते करा, पण माझी एक ढलपीही त्या यार्डाच्या शेकोटीत जाऊ देऊ नका.

तोवर आम्ही दोघी ठीक आहोत. दर रविवारी त्याची गिऱ्हाइकं दारात उभी असतात, तेव्हाच आम्ही सगळी शिडं उभारून त्याच्या यार्डाला चिकटून, अगदी सावकाश जातो. त्याला आत जावं लागतं. नणंद विचारते, “इतक्या जवळून कशाला, वहिनी?” बाई सांगतात, वारा तिकडचाच आहे.

वारा तिकडचा नसतो.