चहात बुडवलेली पलटण

विल्फने थर्मोकोलची शेवटची टेकडी टेबलावर ठेवली तेव्हा पावणेदोन वाजले होते. चार वाजता मतदान होतं. इंग्लंडातल्या स्किप्टनच्या आमच्या क्लबात टेबलावर देखावा मांडून इवल्या शिपायांनी जुन्या लढाया खेळतात. त्या शनिवारी अशी दोन टेबलं मांडली होती आणि त्यातलं एकच ऑक्टोबरच्या मोठ्या प्रदर्शनाला जाणार होतं. गेली चार वर्षं विल्फचं टेबल दुसरं येत होतं. यंदा त्याने चौदा महिने खपून शहाण्णव गोरे शिपाई रंगवले होते, प्रत्येक अंगठ्याच्या पेराएवढा. साल १८७९, अफगाण सरहद्द. खिंड मात्र त्याच्या मनातली. डोंगरावरच्या पठाणांची बाजू माझ्याकडे होती. मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करते आणि शनिवारी फासे टाकते.

ग्लेनिस प्रिडी चष्मा पुसत आली. तिने तीस वर्षं ग्रंथपालाचं काम केलं होतं.

"विल्फ, पलटण लग्नाला निघालीय का?"

"का, काय झालं?"

"हेल्मेटं पांढरीशुभ्र. मोहिमेवर ती चहात बुडवून मळकट करायचे. नाहीतर डोंगरावरून आयती नेम धरायला."

"पान दाखव," विल्फ म्हणाला.

आमच्या क्लबाचा हा एकच कायदा. गणवेश असो, तोफेचा पल्ला असो की घोड्याचा रंग, पुस्तक आणि पान दाखवल्याशिवाय हरकत चालत नाही. आजोबा सांगायचे, सिनेमात पाहिलं, यातलं काहीही ग्राह्य नाही. हरकत सिद्ध झाली आणि चूक सुधारली नाही, तर टेबल मतदानातून बाद.

ग्लेनिसने कपाटातून सरहद्दीवरच्या एका सार्जंटच्या पत्रांचं पुस्तक काढलं. "यातच आहे. मी वाचलंय."

"मी तीनदा वाचलंय," विल्फ म्हणाला. "वर्षभर माझ्याच घरी होतं. त्यात चहा फक्त पितात."

ग्लेनिसने दोनदा चाळलं. ओळ सापडेना. तिचे कान लाल झाले. विल्फने शिट्टी वाजवत टेकडीवर आणखी दोन झुडपं चिकटवली.

मी पुस्तक घेतलं आणि मजकुराऐवजी पृष्ठांक वाचत गेले. एकशे अकरानंतर एकशे चौदा होतं. ते पान हाताला जाड लागत होतं, दोन पानं चिकटल्यासारखं. कडेला तपकिरी डाग, अर्धा गोल, चहाच्या मगाच्या बुडाएवढा.

"विल्फ, तू हे वाचताना चहा सांडला होतास?"

"चहा न सांडता मी वाचतो तरी काय?"

स्वयंपाकघरातल्या किटलीच्या वाफेवर मी पानं हलकेच धरली. दोन मिनिटांनी एकशे बारा आणि एकशे तेरा सुटी झाली. सार्जंटने बहिणीला लिहिलं होतं की कंपनीने हेल्मेटं चहात बुडवली, आणि एकाचाही रंग दुसऱ्याशी जुळत नाही.

विल्फने ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली. मग खुर्चीवर बसला.

"चहानेच झाकली होती की," ग्लेनिस हळूच म्हणाली. तिला जिंकल्याचा आनंद झालेला दिसला नाही.

"सव्वादोन झालेत. शहाण्णव हेल्मेटं. ब्रशने एकेक करत बसलो तर परवा उजाडेल," विल्फ म्हणाला.

"मग सार्जंटने केलं तेच करू," मी म्हणाले. "शिपायांवर वॉर्निश मारलंयस? त्यावर चहा चढणार नाही."

"उद्या मारणार होतो."

मी जुन्या, मोडक्या पाच शिपायांवर चाचणी घेतली. साधा चहा दहा मिनिटं: काही नाही. वीस पिशव्यांचा चहा आटवून पाव केला: पाच मिनिटांत छान मातकट. हेल्मेटाच्या कडेपर्यंतच बुडवायचं, म्हणजे तोंडं गोरी राहतात.

सहा-सहा शिपाई एकेका पट्टीवर चिकटवलेले होते. केकच्या ट्रेमध्ये चहा ओतून आम्ही दोन फूटपट्ट्यांच्या आधाराने पट्ट्या उलट्या टांगल्या, एका वेळी पाच.

"आयुष्यात पहिल्यांदाच पलटण शीर्षासन करतेय," विल्फ म्हणाला.

"बोलू नकोस, हात हलतो तुझा," ग्लेनिसने दटावलं. तिने बाह्या वर केल्या होत्या.

पट्ट्या निघतील तशा ती स्वच्छतागृहातल्या हात वाळवायच्या यंत्राखाली धरत होती. आत जायला उभे असलेले दोघं निमूट वाट बघत राहिले.

पंधरा पट्ट्या झाल्या. शेवटच्या एकीसाठी मी उरलेला काढा एका रुंद मगात ओतला आणि घड्याळ बघायला वळले. परत पाहते तो मगातला चहा फिकट.

"विल्फ, काय घातलंस यात?"

त्याच्या हातात दुधाची बाटली होती. तो बाटलीकडेच पाहत राहिला.

"चहाचा मग दिसला," तो म्हणाला. "हात आपोआप गेला."

दुधातलं प्रथिन चहाचा रंग धरून ठेवतं. हेल्मेटावर काही उरत नाही. आटवायला वेळ नव्हता आणि पिशव्याही संपल्या होत्या. दहा मिनिटं बुडवूनही ते सहाजण जवळजवळ पांढरेच बाहेर आले.

चारला पाच कमी असताना पलटण खिंडीत उभी राहिली. नव्वद हेल्मेटं, नव्वद छटा. पुढे सहा पांढरी.

क्लबाचे सचिव रोलंड टेबलाभोवती फिरले आणि त्या सहांपाशी थांबले. "हे कोण?"

"नवीन भरती," विल्फ म्हणाला. "कालच जहाजातून उतरलीय."

"पान दाखव."

विल्फ पुस्तकासाठी कपाटाकडे वळला.

"एकशे सदतीस," ग्लेनिस म्हणाली. तिच्या हातात पुस्तक उघडंच होतं. "नव्या तुकडीची हेल्मेटं इतकी पांढरी की जुने शिपाई त्यांना अंडी म्हणत. यंत्रापाशी उभी होते तेव्हा वाचत होते."

रोलंडनी ओळ वाचली, मान डोलावली आणि विल्फच्या टेबलासाठी हात वर करायला सांगितले. पहिला हात ग्लेनिसचा होता. विल्फचं टेबल अकरा विरुद्ध सहा मतांनी जिंकलं.

विल्फने खिशातला रुमाल काढून टेकडी पुसली. तिच्यावर धूळ नव्हती. मग तो किटलीकडे गेला आणि तीन मग घेऊन आला. शेजारच्या टेबलावरच्यांकडून तीन पिशव्या मागून आणल्या होत्या.

"ग्लेनिस, दूध?"

"घाल," ती म्हणाली. "पण आधी ते पुस्तक उचल तिथून."