शिरेचा ताठा

पारव्याचं रक्त सुकायच्या आत रंगूबाईनं नवऱ्याचा उजवा पाय मांडीवर ओढून घेतला आणि घोट्यापासून वर चोळायला लागली. पाय ओंडक्यासारखा जड होता. हंबीरराव लढाईवरून धडधाकट परत आले, आणि चैत्रात अंगावरून वारं गेलं. उजवं अंग गेलं, वाचाही गेली.

थोरले दीर नानासो यांच्याही अंगावरून गेल्या साली वारं गेलं होतं. साठीचा माणूस, पण दिवाळीला बैल हाकायला लागला. त्यांच्या बायकोनं, बनुबाईनं, त्यांना हेच रक्त चोळलं होतं.

"मन लावून चोळावं लागतं," बनुबाई उंबऱ्यातून म्हणाली. "नुसता हात फिरवून काय व्हतंय?"

रंगूबाई चोळतच राहिली. तिच्या तळव्यांची सालं निघाली होती.

वैशाख सरला तरी पायाचा अंगठासुद्धा हलला नाही. तेव्हा तिनंच दिराला गाडी जुंपायला सांगितलं.

तासगावच्या डॉक्टरांनी हंबीररावांचं मनगट धरून बोटाखालची शीर चाचपली. मग नानासोंचंही मनगट पाहिलं. "तुम्हीच बघा," ते रंगूबाईला म्हणाले. तिनं पदर सावरला आणि जन्मात पहिल्यांदा दिराच्या हाताला बोट लावलं. त्यांची शीर दाबली की बसत होती. नवऱ्याची सुंभासारखी बोटाखालून सरकत होती.

"दुखणं दोघांचं एकच, बाई. पण यांच्या शिरा आधीपासून कडक झाल्यात. मऊ शीर रक्ताचा धक्का झेलते. ताठ शीर तो तसाच मेंदूवर सोडते. म्हणून यांना घाव मोठा बसला."

"आन् चोळून?"

"चोळल्यानं पाय आखडणार नाही. पण चालतील, असं मला वाटत नाही."

"म्हंजी माजं चोळणं कमी न्हाई पडलं?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणून गेली, आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. डोळे पुसून वर पाहिलं तर हंबीरराव तिच्याकडेच बघत होते. वाचा गेली होती, कान शाबूत होते.

परतीच्या वाटेवर तिनं त्यांच्याकडे मान वळवली नाही. गुडघे पोटाशी घेऊन गाडीतल्या गवतावर बसून राहिली.

गावची, कुंडलची वेस आली तशी नानासोंनी हाक मारली. ती दचकून उठली. डोळा कधी लागला, डोकं नवऱ्याच्या अंगावर कधी कललं, तिला कळलं नव्हतं. हंबीररावांचा डावा हात तिच्या डोक्याखाली होता. अवघडून बोटं पांढरी पडली होती, पण त्यांनी तो काढून घेतला नव्हता.