पाण्यासाठी हललेली मान

पुंजारामच्या व्हिडिओचा आवाज नीट बसवून देण्यात भागवतचा काय फायदा होता, ते आधी पाहू. रोख काहीच नाही. कल्याणराव जिथं जाईल तिथं ‘लिहून ठेव’ म्हणायचा, आणि लिहून ठेवलेलं त्याला पुन्हा वाचून दाखवायचं नसतं, हे भोकरदनच्या बाजारात चहावाल्यापासून कापडवाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ होतं. पण हा कल्याणराव त्याच्या गावातल्या शाळेच्या संस्थेचा सचिव होता. भागवतची बायको भावना त्या शाळेत नऊ वर्षं शिकवत होती. मस्टरवर सही रोज, पगार ‘अनुदान आलं की’. अनुदान आता आलं होतं. जागा एक आणि बाया तीन. कोणाचं नाव वर पाठवायचं, ते कल्याणरावाच्या पेनात होतं. एवढा माल समोर मांडलेला असताना कोण शहाणा मिक्सिंगचे पैसे मागेल? भागवत शहाणाच होता.

त्याचं दुकान बसस्टँडसमोर, चपलांच्या दुकानावरच्या माळ्यावर. लग्नाचं शूटिंग दुसरे करायचे, मिक्सिंगला फाईल त्याच्याकडं यायची. त्यातही त्याची खरी ख्याती आवाज जुळवण्यात होती. मोबाईलवर घेतलेल्या लांब फाईलमध्ये आवाज हळूहळू सरकतो. मंगलाष्टकं संपायच्या आत पडद्यावर अक्षता पडून गेलेल्या असतात आणि भटजी अजून ‘सावधान’ म्हणत असतात. अशा वेळी भागवत ओठ बघत बसायचा नाही. तो एकमेकांवर आपटणाऱ्या दोन वस्तू शोधायचा. दगडावरचा नारळ, ढोलावरची काठी, नाहीतर एखाद्या पाहुण्याच्या हातून पडलेला तांब्या. वस्तू टेकली त्याच क्षणी ‘टण्ण’ आलं, की सगळं बराबर. “माणूस ओठ हलवून फसवतो, तांब्या फसवत न्हाई,” असं तो गिऱ्हाइकाला ऐकवायचा.

कल्याणराव दुपारी आला. डोकं भादरलेलं, खांद्यावर पांढरा टॉवेल. दुसऱ्या दिवशी त्याच्या बापाचं तेरावं होतं.

“आबाचा व्हिडिओ हाय,” मोबाईल पुढं करत तो म्हणाला. “आवाज मागंपुढं झालाय. बराबर करून दे. उद्या घरात समद्यांसमोर लावायचाय.”

व्हिडिओची कथा अख्ख्या गावाला माहीत होती. लकव्यानं पुंजारामची, म्हणजे कल्याणरावच्या बापाची, वाचा गेली, उजवं अंग गेलं. उरली ती मान, तेवढी हलायची. तेव्हा चुलते काकासाहेब, ज्यांचे गुडघे त्यांना स्वतःच्या ओसरीच्या पलीकडं जाऊ देत नव्हते, त्यांनी निरोप धाडला की बोलता येत नसलं तरी मान हलती ना, मंग रानाचं काय करायचं ते इचारून मोबाईलमधी घेऊन ठेवा. कल्याणरावनं लगेच घेतलं. बाप आपल्याच बाजूनं मान हलवणार, याबद्दल त्याला इतकी खात्री होती की चार्जिंगसुद्धा पूर्ण केलं नव्हतं.

त्याची बहीण कौसल्या. नवऱ्यानं टाकल्यावर माघारी आलेली, आणि बापाचं हगणं-मुतणं दोन वर्षं काढलेली. बहिणीनं तेराव्यानंतर हक्कसोड लिहून द्यायचं आणि साडी घेऊन सासरी जायचं, हा रिवाज. हिला सासरच नव्हतं, म्हणून हिनं रिवाजात खोट काढली. रस्त्याकडचं रान आबांनी मला दिलं, मान हलवून दिलं, म्हणाली. आणि मग अशी गोष्ट बोलली जी मोबाईल न वापरणारं माणूसच बोलू शकतं. “व्हिडिओ लावा. त्यात जे दिसंल ते मला कबूल. आबांची मान नसंल माझ्या बाजूनं, तर सही करून देते. पुन्हा तोंड उघडणार न्हाई.”

काकासाहेबांना बोल आवडला. बोल पंचाईतीतला झाला. आता व्हिडिओ पुसणं म्हणजे चोरी कबूल करणं, हे कल्याणरावला कळत होतं. म्हणून तो माळ्याचा जिना चढून आला होता.

भागवतनं फाईल घेतली. पडद्यावर वर चित्राची पट्टी, खाली आवाजाची. खाटेवर पुंजाराम, मोबाईलमागून कल्याणरावचा आवाज, उशापाशी बसलेल्या कौसल्याचा फक्त एक हात.

“आबा, मला वळखलं का?” म्हाताऱ्यानं मान जराशी हलवली. “रस्त्याकडचं रान कौसीला द्यायचं का?” मान खाली, वर, पुन्हा खाली. चांगली लांबलचक. “का समदं माझ्याकडंच ठेवायचं?” मान डावी-उजवी. मग कौसल्याचा आवाज, “आबा, पाणी पिता का?” मान खाली. हात चौकटीत आला, चमचा पेल्याच्या काठाला लागला, टण्ण, आणि घोट.

आवाज खरोखरच किंचित पुढं पळत होता. टण्ण आधी यायचं, चमचा मग टेकायचा. भागवतनं आवाजाची पट्टी केसभर मागं ओढली. चमचा टेकला, टण्ण झालं.

“झालं, कल्याणराव. बराबर.”

“अजून थोडं मागं घे.”

“आता चमचा बराबर बसलाय बघा.”

“चमच्याला काय इचारतो? मी म्हणतो ना. अजून मागं.”

भागवतनं थोडं मागं घेतलं. म्हातारा प्रश्नाच्या आधीच मान हलवू लागला.

“अजून.”

“कल्याणराव, किती?”

“मी थांब म्हणीन तवर.” कल्याणराव खुर्ची ओढून अगदी जवळ बसला. “भावना मॅडमचं काय म्हणणं? बरं चाललंय ना शाळेत? परवा प्रस्ताव पाठवायचाय वर. मीच म्हणलं, नऊ वर्षं झाली बिचारीला.”

पट्टी सरकत राहिली. पहिला प्रश्न दुसऱ्या मानेवर येऊन बसला. बापानं लेकाला ओळखल्याची ती मान आता एवढी लांब झाली, की पाहणाऱ्याला माया वाटावी. रस्त्याकडच्या रानाचा प्रश्न डाव्या-उजव्या मानेवर आला. आणि ‘समदं माझ्याकडंच ठेवायचं का’ हा प्रश्न सरकत सरकत त्या शेवटच्या मानेवर आला, जी म्हाताऱ्यानं तहानेनं हलवली होती.

“थांब,” कल्याणराव म्हणाला. “आता बराबर.”

पंख्याच्या वाऱ्यानं भिंतीवरचं कॅलेंडर हलत होतं. भागवतनं माऊसवरचा हात काढला.

“हे काही आवाज बसवणं न्हाई झालं,” तो हळूच म्हणाला.

“मंग काय झालं? मी काय बोल बदलले? आबांची मान बदलली? जे हाय ते समदं तेच हाय. जरा मागंपुढं.”

खरंच, एक शब्द नवा नव्हता. अशा वेळी माणसाला स्वतःशी बोलायला एवढं पुरतं. भागवतला पुरलं. पुढं तर हाताला कामच लागलं आणि कामात तो रमला, हेही लिहायला हवं. सुरुवातीची छोटी मान कापली. शेवटचं पाण्याचं विचारणं काढून टाकलं. टण्ण चुकीच्या जागी वाजेल म्हणून तेही काढलं, आणि त्या भोकावर त्याच फाईलमधली, कोणी बोलत नसतानाची पंख्याची घरघर ओढून बसवली. कुठं जोड दिसेना. उभ्या आयुष्यातलं सगळ्यात सफाईचं काम, आणि दाखवायला कोणी नाही.

“आता मूळ फाईल पूस. माझ्यासमोर,” कल्याणराव म्हणाला. स्वतःचा मोबाईल खिशातून काढून त्यातली त्यानं आधीच पुसली होती.

भागवतनं पुसली. पण पुसायच्या आधी, चहा सांगायच्या निमित्तानं उठताना, तिची एक नक्कल पेनड्राइव्हवर गेली होती. भावनाच्या नेमणुकीची ऑर्डर नाही निघाली तर कामाला येईल, एवढाच त्यातला सद्भाव.

“पैशाचं?” जिन्यात थांबून कल्याणरावनंच विचारलं, आणि उत्तरही दिलं, “लिहून ठेव.”

घरी भावना वह्या तपासत होती. तिनं विचारलं, सचिव काय म्हणाले. तो म्हणाला, परवा प्रस्ताव जाणार. तिनं लाल पेन खाली ठेवला आणि तळहातानं डोळे दाबून बसली. आवाजाबद्दल त्यानं सांगितलं नाही, आणि तिनं कामाबद्दल विचारलं नाही. नऊ वर्षांत काय विचारायचं नसतं ते तिलाही कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर बैठकीत टीव्हीला वायर जोडायला भागवतलाच बोलावलं. काकासाहेबांना खुर्चीसकट उचलून आणलं होतं. त्यांचा नातू त्याच संस्थेच्या शाळेत चिकटायच्या मार्गावर होता, आणि बाकीच्या पाहुण्यांनाही जाताना स्टँडपर्यंत कल्याणरावची जीप लागणार होती. खरं कळावं म्हणून तिथं एकटी कौसल्या बसली होती. दाराच्या चौकटीला टेकून, पदर तोंडाशी धरून.

व्हिडिओ लागला. लांब मान. मग नकाराची. मग होकाराची. मग कौसल्याचा हात चौकटीत आला आणि बापाच्या तोंडात पाणी घातलं. जणू निवाडा ऐकून तिनंच तोंड गोड केलं.

“झालं की मंग,” कोणीतरी म्हणालं.

“न्हाई,” कौसल्या म्हणाली. “ही मान पाण्याची हाय.”

“कसल्या पाण्याची, कौसे?” कल्याणराव दमानं म्हणाला. लेकराशी बोलावं तसं.

“म्या इचारलं ना, पाणी पिता का. तवा हलवली त्यांनी. आन तुझ्या बोलण्याला तर त्यांनी...”

“कोणी ऐकलं का, पाण्याचं? काका, तुम्ही ऐकलं?”

काकासाहेबांनी मान हलवली. त्यांची मान कोणत्या प्रश्नाला हलली, हे विचारायची तिथं सोय नव्हती.

“पुन्हा लावा,” ती म्हणाली. पुन्हा लावला. या वेळी ती टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. स्वतःचा हात येताना पाहिला. चमचा पेल्याला लागला, आणि आवाज झाला नाही. ती वळली. कल्याणरावकडं नाही, भागवतकडं.

“भागवतभाऊ, माझा आवाज कुठं गेला?”

सगळे भागवतकडं बघू लागले. काकासाहेबांनी काठी आपटली. “बोल रे. तू या कामातला माणूस. काही गडबड हाय का याच्यात?”

“न्हाई काका,” भागवत म्हणाला. “आवाज थोडा मागंपुढं होता. तेवढा बराबर केला.” आणि मग, कोणी विचारलं नसताना, “पंख्याची घरघर लय होती, ताई. बारीक आवाज दबला असंल त्यात.”

ते शेवटचं वाक्य त्यानं फुकट दिलं. कल्याणरावनंही तेवढं मागितलं नव्हतं.

कौसल्या टीव्हीपासून बाजूला झाली. रडली असती तर बायकांना पुढं होऊन धरता आलं असतं. ती रडली नाही. “म्या बोलून बसले,” एवढं म्हणाली, आणि मागच्या खोलीत भांडी घासायला गेली. चार दिवसांनी जीपनं तिला रजिस्ट्रीत नेलं. तिनं सही केली. साडी घेतली नाही, म्हणून वहिनीला फार वाईट वाटलं.

भावनाची ऑर्डर निघाली. कल्याणराव या एका बाबतीत शब्दाचा पक्का ठरला, आणि त्याबद्दल भागवतला अजून त्याचा राग येतो. ऑर्डर अडली असती तर पेनड्राइव्ह बाहेर निघाला असता. पहिल्या पगाराला पेढे आले. तेव्हापासून कल्याणराव अधूनमधून जिना चढतो. कोणाचं तरी बोलणं मोबाईलमध्ये घेतलेलं असतं, काहीतरी मागंपुढं झालेलं असतं.

दिवाळीच्या आधी कौसल्या दुकानात आली. खांद्याला पिशवी, हातात कोणाचा तरी जुना मोबाईल. बदनापूरला मुलींच्या वसतिगृहात पोळ्या लाटायचं काम लागलं होतं आणि तिथंच राहायला खोली. जालन्याची बस सुटायला वेळ होता.

“बसा ताई.”

“न्हाई, बसत न्हाई. ते तुमच्याकडं असंल ना, आबांचं?” तिनं मोबाईल टेबलावर ठेवला. “समदं नको मला. शेवटचा तेवढा तुकडा द्या टाकून. म्या पाणी पाजते तेवढा.”

भागवतच्या गुडघ्याशी ड्रॉवर होता. ड्रॉवरमध्ये पेनड्राइव्ह. त्यात चमचा होता, टण्ण होतं, आणि ‘आबा, पाणी पिता का’ होतं. तेवढंच तर ती मागत होती. पण तेवढं तिच्या मोबाईलमध्ये गेलं, की ते काकासाहेबांच्या ओसरीपर्यंत जाणार, वकिलापर्यंत जाणार, आणि तिथून भावनाच्या ऑर्डरपर्यंत किती वेळ लागतो, हा हिशोब त्याच्या डोक्यात आपोआप झाला. कल्याणरावच्या फाईलमधला तुकडा आवाजासकट देता येत नव्हता. त्यात पाण्याच्या मानेवर भावाचा प्रश्न होता. म्हणून त्यानं त्याच फाईलमधला शेवटचा तुकडा कापला, खालची पट्टी पूर्ण पुसली आणि नुसतं चित्र तिच्या मोबाईलमध्ये टाकलं.

तिनं तिथंच लावून पाहिलं. बापाची मान खाली गेली. हात आला. चमचा काठाला लागला.

“आवाज न्हाई का याला?”

“न्हाई ताई. उडाला.”

“माझा कुठंच न्हाई राह्यला?”

“न्हाई.”

तिनं पुन्हा एकदा लावलं, मोबाईल कानाशी धरून. मग पदराची गाठ सोडली.

“अहो, राहू द्या ताई. याचे कशाला?”

“तुमचा धंदा हाय, भाऊ. फुकट कशापायी?” तिनं घडी पडलेली पन्नासाची नोट काचेखाली सरकवली आणि जिना उतरून गेली. खाली जालन्याची बस लागलेली होती.

तर हिशोब असा. रान कल्याणरावला मिळालं. नोकरी भावनाला. काकासाहेबांचा नातू चिकटला. भागवतच्या वहीत कल्याणरावच्या नावापुढं ‘येणे’ तसंच पडून आहे, आणि वाचून दाखवायची त्याची छाती नाही. पुंजारामच्या त्या व्हिडिओच्या कामाचे रोख पैसे दुकानात दिले ते कौसल्यानं.